वाचक विचारतात : पोरगं चांगलं की आकडे चांगले?

फेब्रुवारीत सुपर बाउल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल, झाला की एनएफएलवाल्यांना सात महिने उद्योग नसतो, मग सगळे पोरांचे आकडे काढून बसतात आणि भांडतात. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न तरुण क्वार्टरबॅकबद्दलच आहेत, त्यातही शिकागो बेअर्सच्या केलेब विल्यम्सबद्दल, म्हणून सगळा कॉलम याच विषयाला देऊन टाकते. ज्यांना हा अमेरिकन फुटबॉल नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की क्वार्टरबॅक म्हणजे दर प्लेला बॉल हातात घेऊन दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा गडी, आणि सॅक म्हणजे त्याने फेकायच्या आधीच समोरच्यांनी त्याला बॉलसकट आडवं करणं. बाकीचं ओघात येईलच.

नेपरव्हिल, इलिनॉय येथून एक वाचक : ताई, घरात बेअर्सचे दोन भक्त आहेत, मी आणि माझा मुलगा, आणि आमचं अजिबात पटत नाही. मुलगा म्हणतो केलेब दुसऱ्या वर्षी जबरदस्त सुधारला. मी म्हणतो २०२४ ला त्याचे ६२.५ टक्के पास पूर्ण होत होते, २०२५ ला ५८.१ टक्के, मग सुधारला कुठे? टीम जिंकली म्हणून सगळे गोडवे गातायत. कोण बरोबर?

दादा, पोराचं बरोबर आहे, पण तुमची शंका फेकून देण्यासारखी नाहीये, ती कुठे लागू पडते ते पुढे सांगते.

आधी ही टक्केवारी कशी काढतात ते बघा. छेदात फक्त फेकलेले पास धरतात. सॅक झाला तर तो प्ले या हिशोबात येतच नाही, म्हणजे क्वार्टरबॅक बॉल धरून बसला, मार खाल्ला, टीम सात यार्ड मागे गेली, तरी त्याची टक्केवारी जशीच्या तशी राहते. आता केलेबचं पहिलं वर्ष, ५६२ पास फेकले, ३५१ पूर्ण, आणि सॅक ६८. अडुसष्ट! एका सीझनमध्ये याच्याहून जास्त सॅक खाल्लेले दोनच जण आहेत, २००२ साली ह्यूस्टनचा डेव्हिड कार ७६ आणि १९८६ साली फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम ७२. दुसऱ्या वर्षी केलेबने ५६८ पास फेकले, ३३० पूर्ण, सॅक फक्त २४.

आता छेदात पास आणि सॅक दोन्ही घाला. पहिल्या वर्षी ६३० पैकी ३५१ पूर्ण, म्हणजे ५५.७ टक्के. दुसऱ्या वर्षी ५९२ पैकी ३३०, म्हणजे परत ५५.७ टक्के. तुम्ही बापलेक ज्या घसरणीवरून भांडताय ती घसरण अशी गायब होते. काय झालं असेल ते सरळ आहे, पहिल्या वर्षी जे प्ले सॅक होऊन मरत होते त्यातले बरेच दुसऱ्या वर्षी बाहेर फेकलेल्या बॉलवर संपले. बाहेर फेकलेला बॉल टक्केवारी खाली आणतो पण टीम जिथल्या तिथे राहते, सॅक टक्केवारीला हात लावत नाही पण सहा-सात यार्ड मागे नेतो, आणि कधीकधी हातातला बॉलही सुटतो ते वेगळंच. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तुमच्या मते तो बिघडला त्याच गोष्टीमुळे टीमचा फायदा झाला.

वर आणखी एक आहे. पहिल्या वर्षी पूर्ण झालेल्या दर पासमागे १०.१ यार्ड मिळत होते, दुसऱ्या वर्षी ११.९. म्हणजे तेवढ्याच प्रमाणात पास पूर्ण होतायत आणि दर पासला जवळजवळ दोन यार्ड जास्त. एकूण ३,९४२ यार्ड झाले आणि एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा बेअर्सचा ३,८३८ चा रेकॉर्ड मोडला. (बेअर्सला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि आजही एकाही क्वार्टरबॅकने त्यांच्याकडून ४,००० यार्ड केलेले नाहीत, हे तुमच्या जखमेवर मीठ चोळायला नाही सांगत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

मग श्रेय कुणाचं, हा खरा प्रश्न. तुम्ही म्हणाल लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभी राहणारी माणसं, बदलली म्हणून सॅक कमी झाले, आणि ते खोटं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये बेअर्सने कॅन्सस सिटीकडून जो थूनी आणला, रॅम्सकडून जोना जॅक्सन आणला, अटलांटाचा सेंटर ड्रू डालमन घेतला, म्हणजे मधली तिन्ही जागांची माणसं नवीन. वरून डेट्रॉइटचा बेन जॉन्सन हेड कोच. पण लेफ्ट टॅकलची जागा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या पाठीमागची बाजू सांभाळणारी जागा, सीझनभर हलत राहिली, कधी हा कधी तो, आणि तरीही सॅक २४ वरच. शिवाय बरीच वर्षं हे दिसून आलंय की क्वार्टरबॅकने टीम बदलली तरी त्याचं सॅकचं प्रमाण बऱ्यापैकी त्याच्याबरोबर जातं. लाइन दाब किती येऊ द्यायचा ते ठरवते, पण आलेल्या दाबाचा सॅक होऊ द्यायचा की बॉल सोडून द्यायचा हे जास्त करून हातात बॉल असलेला माणूस ठरवतो. म्हणून जाणकार लोक नुसते सॅक बघत नाहीत, दाब आलेल्या प्लेंपैकी किती सॅक झाले ते बघतात. लीगमध्ये हे साधारण पाचात एक असतं. माझ्या मते ६८ वरून २४ यातला थोडा वाटा थूनी-डालमनचा, थोडा जॉन्सनच्या प्लेंचा, आणि मोठा वाटा केलेबच्या डोक्यात झालेल्या बदलाचा आहे. कॉलेजात, यूएससीला असताना तो बॉल धरून पळत सुटायचा आणि काहीतरी जादू करायचा, हाइसमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, त्यावरच मिळाली. एनएफएलमध्ये तसं रोज चालत नाही हे त्याला पहिल्या वर्षी मार खाऊन कळलं.

आता तुमची शंका. ५५.७ आणि ५५.७, म्हणजे घसरला नाही हे खरं, पण वाढलाही नाही ना! लीगमध्ये पास पूर्ण होण्याची सरासरी साठच्या बरीच वर, चौसष्ट-पासष्टच्या आसपास असते, त्यापुढे ५८.१ हा तळाकडचा आकडा आहे. लांबचे पास जास्त फेकतो म्हणून थोडं माफ, बाहेर फेकतो म्हणून आणखी थोडं माफ, तरी मोकळ्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून गेलेले सोपे पास उरतातच, ते तुम्हीही बघितलेत. यासाठी सीपीओई नावाचा आकडा आहे. पास किती लांबचा, कुठल्या बाजूला, कुठल्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली कितवी), यावरून तो पूर्ण होण्याची शक्यता काढतात आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा किती जास्त-कमी पूर्ण झाले ते बघतात. लीगची स्वतःची आवृत्ती आणखी बारीक आहे, तिथे खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असतात, त्या सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतात, म्हणजे रिसीव्हर किती मोकळा होता, फेकणाऱ्याच्या अंगावर कोण किती जवळ आला होता, हे सगळं हिशोबात येतं. पुढच्या सीझनला केलेबचा फक्त हाच एक आकडा धरून बसा. सॅक पुन्हा तीसच्या आत राहिले आणि सीपीओई शून्याच्या वर आला तर मुलाला पार्टी द्या. सीपीओई खालीच राहिला तर मात्र तुमचं म्हणणं बेअर्सच्या ऑफिसातही कुणीतरी म्हणत असेल.

आणि हो, जानेवारीत रॅम्सविरुद्ध शेवटच्या सेकंदांत चौथ्या डाऊनला मागे मागे पळत त्याने कोल कमेटला जो टचडाऊन (गोललाइनपार झेललेला, सहा पॉइंटांचा पास) फेकला, तो एक प्ले वजनाला धरू नका. त्याच मॅचमध्ये ओव्हरटाइमला इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेला पास) पण त्याचीच, आणि मॅच २०-१७ ने गेली. दोन्ही क्लिप वर्षभर फिरतील, दोन्हींवरून काही सिद्ध होत नाही.

पुणे येथून एक वाचक : रविवारी रात्री साडेदहाला मॅच सुरू होते, नोव्हेंबरपासून साडेअकराला, बायको वैतागते पण मी बघतो. कॉमेंट्रीत सारखं ईपीए ईपीए चालू असतं. एकदा नीट सांगाल का, मला गणिताची भीती वाटते.

भीती नको, एकच कल्पना आहे. मैदानावर बॉल कुठे आहे, कितवा डाऊन आहे, किती यार्ड हवेत, यावरून अशा परिस्थितीत टीमला पुढे सरासरी किती पॉइंट मिळतात ते हजारो जुन्या प्लेंवरून काढून ठेवलंय. स्वतःच्या २५ यार्डावर पहिला डाऊन असेल तर साधारण एक पॉइंट, समोरच्याच्या एक यार्डावर पहिला डाऊन असेल तर सहाच्या जवळपास, आणि स्वतःच्याच गोललाइनला चिकटून असाल तर तो आकडा शून्याच्याही खाली जातो कारण पुढचे पॉइंट समोरचा करण्याची शक्यता जास्त. प्लेच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यातला फरक म्हणजे त्या प्लेचा ईपीए. संपलं.

याचा उपयोग काय तर यार्ड फसवतात. तिसरा डाऊन, आठ यार्ड हवेत, पोराने सात यार्डाचा पास पूर्ण केला. टक्केवारी वाढली, यार्ड वाढले, आणि पुढच्या प्लेला पंट करून बॉल देऊन टाकला. शेवटच्या ओव्हरला पंधरा हवेत आणि बॅट्समनने शांतपणे सिंगल घेतली तर त्याच्या नावावर रन लागतोच ना, तसंच हे. ईपीएमध्ये तो पास उणे दिसतो. उलट तिसरा डाऊन, दोन हवेत, तीन मिळाले, हे चांगलं अधिक दिसतं. सॅक साधारण दीड-दोन पॉइंटांना पडतो आणि इंटरसेप्शन चारेक पॉइंटांना, म्हणून वरच्या उत्तरात मी सॅकवर एवढी अडून बसले. क्वार्टरबॅकचं दर प्लेमागचं सरासरी काढलं की शून्याच्या थोडं वर म्हणजे ठीकठाक, ०.२ च्या पुढे म्हणजे उत्तम.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी की ही कल्पना कुठल्या कॉम्प्युटरवाल्याने काढलेली नाही. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट माकोल या दोघांनी यावर पेपर लिहिला. माकोल नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, आणि कार्टर कोण, तर सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक! म्हणजे खेळणाराच हिशोब मांडत होता, आणि त्या वर्षी पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिलाही तोच होता.

ईपीएची मर्यादा एकच लक्षात ठेवा, तो आकडा क्वार्टरबॅकच्या नावाने छापतात पण असतो पूर्ण टीमचा. दोन यार्डाचा पास दिला आणि रिसीव्हर साठ यार्ड पळाला तरी सगळा ईपीए फेकणाऱ्याच्या खात्यात. म्हणून तरुण पोराला जोखताना ईपीए आणि सीपीओई जोडीने बघतात, दोन्ही एका दिशेला असतील तर विश्वास ठेवावा, ईपीए चांगला आणि सीपीओई वाईट असेल तर आजूबाजूची माणसं किंवा कोच त्याला ओढतायत असं समजायला जागा आहे.

बॉस्टन येथून एक वाचक : तुमच्या हिशोबाने सॅक म्हणजे पाप. मग आमच्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्सच्या ड्रेक मेने २०२५ ला ४७ सॅक खाल्ले, तो वाईट का?

नाही हो, अजिबात नाही, आणि हा प्रश्न बरा विचारलात. मेचे ४९२ पास, ३५४ पूर्ण, म्हणजे ७२ टक्के, ३१ टचडाऊन, ८ इंटरसेप्शन. सॅक धरून हिशोब केला तरी ५३९ पैकी ३५४, म्हणजे ६५.७ टक्के, केलेबपेक्षा बरोब्बर दहाने जास्त. म्हणजे त्याने जे ४७ सॅक खाल्ले त्याच्या बदल्यात काहीतरी विकत घेतलं, बॉल धरला तेव्हा मागून मोठा पास निघाला. वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स २०२४ च्या रूकी (पहिल्याच) सीझनला असाच होता, सॅकचं प्रमाण ८.९ टक्के, पण ६९ टक्के पास पूर्ण आणि पायाने ८९१ यार्ड, रूकी क्वार्टरबॅकचा रेकॉर्ड. केलेबचं पहिल्या वर्षीचं १०.८ टक्के होतं आणि बदल्यात विशेष काही मिळालं नव्हतं. सॅक ही किंमत आहे, एवढंच माझं म्हणणं.

मेबद्दल दोन गोष्टींची काळजी मात्र वाटते. पॅट्रियट्सचं त्या सीझनचं वेळापत्रक सोपं होतं, समोरच्या टीम दुबळ्या असल्या की ईपीए फुगतो. यासाठी डीव्हीओए बघा, २००३ पासून अ‍ॅरन शॅट्झ तो काढतोय, त्यात समोर कोण होतं याचं वजन कमी-जास्त करतात. आणि दुसरं म्हणजे तीच सॅकची सवय चांगल्या डिफेन्ससमोर महाग पडते, सिअ‍ॅटलने सुपर बाउलमध्ये २९-१३ ने धुतलं तेव्हा ते बघितलंच सगळ्यांनी.

ठाणे येथून एक वाचक : पासर रेटिंग हा जुना आकडा बघायचा की सोडून द्यायचा?

बघा पण त्यावर भांडू नका. १९७३ चा फॉर्म्युला आहे, चार गोष्टी घेतो, टक्केवारी, यार्ड, टचडाऊन, इंटरसेप्शन, आणि कमाल १५८.३ वर थांबतो, तोही आकडा कुणाला पटकन समजावून सांगता येत नाही. सॅक नाही, पळालेले यार्ड नाहीत, परिस्थिती नाही. केलेबचं रेटिंग ८७.८ वरून ९०.१ झालं, म्हणजे ४४ सॅक कमी झाले आणि या आकड्याला त्याचा पत्ताच नाही.

ह्यूस्टन येथून एक वाचक : ताई, २०२३ ला सी. जे. स्ट्राउडला बघून आम्ही सगळं मराठी मंडळ नाचलो होतो, घरोघरी जर्सी आल्या. दुसऱ्याच वर्षी पोरगं जमिनीवर. आम्ही फसलो का? आणि फसलो असू तर आधी कळायला हवं होतं का?

नाचलात ते ठीकच केलंत, टॅम्पाविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाऊन, सहा सेकंद उरले असताना टँक डेलला विजयी पास, ३९-३७, आणि त्या मॅचमध्ये किकर जखमी झाला म्हणून रनिंग बॅकने फील्ड गोल मारला होता, अशा मॅचनंतर जो नाचत नाही त्याने हा खेळ बघू नये.

पण आकडे नीट बघितले असते तर थोडा सावधपणा आला असता, तो असा. २०२३ मध्ये स्ट्राउडने ४९९ पास फेकले आणि इंटरसेप्शन फक्त ५, म्हणजे शंभरात एक. लीगची सरासरी सव्वादोनच्या आसपास असते. इंटरसेप्शन हा क्वार्टरबॅकच्या आकड्यांतला सगळ्यात लहरी आकडा, बोटाला लागून उडालेला बॉल कधी जमिनीवर पडतो कधी डिफेन्डरच्या हातात, आणि वर्षाला दहा-पंधराच घटना असल्यामुळे नशिबाला भरपूर जागा मिळते. २०२४ ला ५३२ पासमध्ये १२ झाल्या, २.३ टक्के, म्हणजे बिघडला कुठे, सरासरीवर आला. जर्सी घेताना कुणीतरी हे सांगायला हवं होतं की हा आकडा वर जाणारच आहे.

बाकीची घसरण मात्र खरी होती. दर पासमागे ८.२ यार्ड होते ते ७.० झाले, सॅक ३८ वरून ५२, रेटिंग १००.८ वरून ८७.०. यात स्ट्राउडचं किती आणि बाकीच्यांचं किती? रिसीव्हरांतला निको कॉलिन्स पाच मॅच बाहेर, स्टेफॉन डिग्जचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला, डेलचा डिसेंबरमध्ये, लाइन मधोमध गळत होती, सीझन संपल्यावर ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर बॉबी स्लोविकला काढलं आणि पुढे लाइनमधला नावाजलेला लॅरेमी टन्सिलही वॉशिंग्टनला देऊन टाकला. एवढं सगळं एकत्र झालं की ईपीएवरून पोराबद्दल काहीही बोलणं धाडसाचं आहे. अशा वेळी मी एकच गोष्ट बघते, अंगावर कुणी आलेलं नसताना, शांत पॉकेटमध्ये तो कसा फेकतो. दाबाखालची कामगिरी वर्षागणिक इकडून तिकडे उड्या मारते, एका वर्षी दाबाखाली हिरो झालेला पुढच्या वर्षी तसाच राहील याची काही हमी नसते, पण शांत पॉकेटमधली कामगिरी बऱ्यापैकी टिकते.

२०२५ ला टीम १२ मॅच जिंकली आणि ५ हरली, सॅक बरेच कमी झाले, इंटरसेप्शन ८, आणि मग न्यू इंग्लंडविरुद्ध प्लेऑफमध्ये पहिल्या हाफमध्येच चार इंटरसेप्शन, २८-१६ ने घरी. आता सगळे तेच धरून बसलेत. चार इंटरसेप्शनचा एक हाफ म्हणून स्ट्राउड वाईट नाही, जसा ४७० यार्डांच्या एका मॅचमुळे तो महान नव्हता. तीन वर्षं मिळून दीड हजाराच्या आसपास प्ले झालेत, एवढ्यावर मत बनवता येतं, आणि माझं मत असं की तो चांगला, सरासरीच्या वरचा क्वार्टरबॅक आहे, ज्याच्या पहिल्या वर्षाने सगळ्यांच्या अपेक्षा चुकीच्या जागी नेऊन ठेवल्या. जर्सी ठेवा.

एडिसन, न्यू जर्सी येथून एक वाचक : कुठलाही तरुण क्वार्टरबॅक वाईट खेळला की लोक म्हणतात जॉश अ‍ॅलन पण असाच होता. यात काही तथ्य आहे का?

जॉश अ‍ॅलनने लीगमधल्या अर्ध्या कोचना खोटी आशा लावून ठेवलीय. बफेलोला पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, १० टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी ५८.८. तिसऱ्या वर्षी, २०२० ला, ६९.२ टक्के आणि ३७ टचडाऊन. वायोमिंगला कॉलेजातही तो साठच्या खालीच होता, त्यामुळे बहुतेक आकडेवाल्यांनी त्याच्यावर फुली मारली होती, आणि ते सगळे तोंडावर आपटले.

पण लोक एक गोष्ट विसरतात. त्याचं दुसरं वर्ष नुसत्या टक्केवारीने बघितलं तर साधारण दिसतं, पण इंटरसेप्शन ३२० पासमागे १२ होत्या त्या ४६१ मागे ९ झाल्या, आणि पायाने पहिल्या वर्षी ८ आणि दुसऱ्या वर्षी ९ टचडाऊन होतेच. म्हणजे दर वर्षी काहीतरी सरकत होतं. कोऑर्डिनेटर तोच राहिला, वर २०२० ला डिग्ज आला. आता त्याच्याच २०१८ च्या ड्राफ्टमधला (टीम पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात तो) जॉश रोझन घ्या, दहावा पिक, एका वर्षात अ‍ॅरिझोनाने विकला. किंवा जेट्सचा झॅक विल्सन, २०२१ चा दुसरा पिक, ५५.६ टक्के, मग ५४.५ टक्के, काहीच सरकलं नाही. अ‍ॅलन एक झाला, असे विल्सन-रोझन किती आले आणि गेले ते कुणी आठवत नाही कारण त्यांचे हायलाइट कुणी बघत नाही.

तरी त्याच ड्राफ्टमधला सॅम डार्नोल्ड, जेट्सने २०२१ ला नको म्हणून दिलेला, त्याने या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलसाठी सुपर बाउल जिंकला. याला कुठल्या आकड्यात बसवायचं ते तुम्हीच सांगा.

कोल्हापूर येथून एक वाचक : आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. तिथे आता पोरं एक्सजी बोलायला लागलीत. हे ईपीए म्हणजे तेच का?

चुलतभाऊ म्हणा. एक्सजी शॉटवरून गोल व्हायची शक्यता सांगतो, ईपीए दर प्लेला पॉइंटांची अपेक्षा किती हलली ते सांगतो. अमेरिकन खेळ दर प्लेला थांबतो म्हणून मोजायला सोपा, तुमचा खेळ वाहतो म्हणून तिथे हिशोब अवघड. बाकी पेठांतल्या मॅचला एक्सजी काढणाऱ्या पोराला माझा नमस्कार कळवा.

नागपूर येथून एक विद्यार्थिनी : मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करतेय, प्रोजेक्टसाठी हा विषय घ्यायचाय. डेटा विकत घ्यावा लागतो का? आणि घरबसल्या होईल का?

नक्की घे, आणि पैसे अजिबात नको खर्च करू. बेन बाल्डविन आणि सेबॅस्टियन कार्ल यांचं एनएफएलफास्टआर नावाचं आर पॅकेज फुकट आहे, त्यात १९९९ पासूनचा एकेक प्ले मिळतो, ईपीए आणि सीपीओई आधीच काढून ठेवलेले असतात, सीपीओई मात्र २००६ पासूनच. साध्या लॅपटॉपवर चालतं. पीएफएफचे ग्रेड, म्हणजे माणसं व्हिडिओ बघून दर प्लेला जे मार्क देतात ते, त्यांचा सगळा तपशील फुकट नाही, आणि तुझ्या प्रोजेक्टला त्यांची गरजही नाही. चिपवाला कच्चा डेटा लीग दरवर्षी बिग डेटा बाउल या स्पर्धेसाठी थोडा उघडा करते, तो नंतर बघ, आधीच त्यात शिरलीस तर वर्ष जाईल.

विषय सुचवू का? पहिल्या दोन सीझनमध्ये किमान २०० पास फेकलेले सगळे क्वार्टरबॅक घे, आणि पहिल्या वर्षीचा कुठला आकडा दुसऱ्या वर्षी टिकतो ते काढ. सॅकचं प्रमाण, सीपीओई, इंटरसेप्शनचं प्रमाण, दर प्लेमागचा ईपीए, चारच घे. माझा अंदाज सॅक वर येईल आणि इंटरसेप्शन तळाला जाईल, पण तू काढून बघ. एका गोष्टीची आधीच काळजी घे, ज्यांना पहिल्या वर्षीच बाकावर बसवलं ते तुझ्या यादीतून आपोआप गळतील, आणि उरलेली पोरं मुळात बरी असल्यामुळे सगळेच आकडे आहेत त्यापेक्षा जास्त टिकाऊ दिसतील. गाइड हे विचारणारच, म्हणून किती जण गळले आणि त्यांचे आकडे काय होते याचा एक वेगळा तक्ता जोड. आणि घड्याळ थांबवायला मुद्दाम जमिनीवर आपटलेले बॉल सुरुवातीलाच काढून टाक, त्यांचा वेगळा कॉलम असतो.